राजगुरूचा डोळा

'अमृतमंथन' हा प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात आल्यावर काढलेला पहिला चित्रपट. १९३४ साली तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत पडद्यावर आला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, कथेचा आधार ना. ह. आपटे यांची 'भाग्यश्री' ही कादंबरी. देवीच्या नावाने बळी देणारा एक पंथ, ती प्रथा बंद करणारा राजा आणि राजाज्ञेपेक्षा देवीची आज्ञा थोर मानणारा राजगुरू, या तिघांभोवती चित्रपट संथपणे फिरतो. तोवरचा भारतीय चित्रपट मुख्यतः पुराणांवर पोसलेला होता आणि पुराणांत दुष्टपणा राक्षसांच्या वाट्याला आलेला असतो. 'अमृतमंथन'ने तो देवळाच्या गाभाऱ्यात आणून बसवला. पुढच्या दोन वर्षांत याच कंपनीने 'धर्मात्मा' आणि 'संत तुकाराम' या चित्रपटांतून हाच विषय आणखी दोन बाजूंनी पाहिला. श्रद्धा कशी नासते, ती नासवणारा माणूस कसा असतो आणि तो ओळखायचा कसा, हा प्रश्न मराठी पडद्यावर या तीन चित्रपटांनी रुजवला.

या प्रश्नाची मुळे पुण्यात नसून कोल्हापुरात आहेत. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३), 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या मूकपटांनी प्रेक्षकांना देव दाखवले. कालिया नाग आणि रावण हे त्यातले खलनायक. त्यांचा शेवट काय होणार हे प्रेक्षकाला घरातून निघतानाच ठाऊक असे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, तेव्हा त्यांचाही पहिला चित्रपट महाभारतातलाच होता. मात्र 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटातला कीचकवध इतका हुबेहूब उतरला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. पाच वर्षांनी त्याच कंपनीने 'सावकारी पाश' काढला. त्यात राक्षस नव्हता, मुकुट नव्हता. गावातला सावकार होता, कागदपत्रे होती आणि जमीन गमावून शहराकडे निघालेला शेतकरी होता. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती. वाईटाला मानवी चेहरा असतो, तो शेजारच्या वाड्यात राहतो आणि त्याची कागदपत्रे बिनचूक असतात, हा धडा त्यांनी पेंटरांच्या हाताखाली गिरवला.

प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी सराफ होते, त्यांनी भांडवल पुरवले. फत्तेलाल यांना सगळे साहेबमामा म्हणत. धर्माने ते मुसलमान, आणि प्रभातच्या पडद्यावर उभ्या राहिलेल्या देवळांची, गाभाऱ्यांची आणि मूर्तींची कल्पना मुख्यतः त्यांची. दामले यंत्रांचे जाणकार. पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला तेव्हा दामले त्यांच्या हाताशी होते. पुढे बोलपट आल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी उचलली. कोणत्या जातीधर्माचा माणूस देवाची मूर्ती घडवतो, असा प्रश्न त्या कारखान्यात कोणी विचारला नाही, ही गोष्ट पुढे आलेल्या चित्रपटांचा विषय पाहता लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कोल्हापूरचे आणखी एक ऋण आहे. राजा विरुद्ध राजगुरू हा संघर्ष त्या शहराला पोथीतून वाचावा लागला नव्हता. १८९९ साली पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, हे उघडकीस आले आणि वेदोक्ताचा वाद पेटला. राजाला वेदोक्ताचा अधिकार नाही, या भूमिकेवर राजोपाध्ये अडून बसले. १९०२ साली छत्रपतींनी त्यांची इनामे खालसा केली. पुढे १९२० मध्ये मराठा समाजातल्या तरुणाला क्षात्रजगद्गुरू म्हणून गादीवर बसवण्यात आले. शांताराम यांचा जन्म १९०१ चा, म्हणजे हा वाद ऐन भरात असतानाचा. 'अमृतमंथन'ने वेदोक्ताला कुठेही हात घातलेला नाही आणि त्याची कथा दूरच्या, काल्पनिक काळात घडते. तरीही राजाने धर्मकृत्यात हात घातला की धर्माधिकारी काय करतो, हा प्रश्न कोल्हापूरच्या माणसाला परका वाटणे शक्य नव्हते. आपट्यांची कादंबरी निवडण्यामागे ही पार्श्वभूमी कितपत होती याचा पुरावा देता येत नाही. पण प्रभातच्या पडद्यावरचा राजगुरू इतका ओळखीचा वाटतो, त्याचे एक कारण इथे असावे.

कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. शहराच्या पश्चिमेला, तेव्हा माळरान असलेल्या एरंडवण्यात तिने मोठा बंदिस्त स्टुडिओ बांधला. आज त्या बाजूच्या रस्त्याला प्रभात रस्ता म्हणतात. मूकपटाचे बरेचसे चित्रीकरण उन्हात होई. आरशांनी आणि पांढऱ्या पडद्यांनी सूर्यप्रकाश वळवायचा आणि ढग आले की थांबायचे. बोलपटाला आवाज बाहेर ठेवणाऱ्या भिंती लागल्या, आणि भिंती आल्यावर सूर्यही बाहेर राहिला. आता प्रत्येक किरण विजेच्या दिव्यातून यायचा होता. कुठे उजेड पाडायचा याइतकेच कुठे पाडायचा नाही, हेही ठरवणे दिग्दर्शकाच्या हाती आले. 'अमृतमंथन'मधला काळोख हा असा बांधलेल्या काळोखाचा पहिला मोठा प्रयोग आहे.

त्याचे दुसरे मूळ जर्मनीत आहे. १९३३ सालीच प्रभातने 'सैरंध्री' हा बोलपट रंगीत करण्याचे धाडस केले होते. रंगीत प्रती काढण्यासाठी शांताराम जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि कंपनीला त्यात खोट बसली. पण त्या मुक्कामात त्यांनी जर्मन स्टुडिओ पाहिले, तिथले चित्रपट पाहिले. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन चित्रपटाने एक भाषा घडवली होती. तिरप्या भिंती, भिंतींवर माणसापेक्षा मोठ्या पडणाऱ्या सावल्या, खालून वर रोखलेला कॅमेरा, चेहऱ्याच्या अर्ध्याच भागावर उजेड. मनातली भीती बाहेरच्या वास्तूत उतरवायची, ही त्या शैलीची रीत. शांताराम परतले ते दुरून जवळचे टिपणारे एक भिंग घेऊन. रंगाच्या फसलेल्या सफरीतून काळ्यापांढऱ्याचा हा ठेवा हाती आला.

चित्रपटाची सुरुवातच या शैलीत होते. तळघरासारख्या जागेत चंडिकेचे उपासक गोळा होतात. ज्योती थरथरत असतात, कॅमेरा खालच्या अंगाने गोल फिरत राहतो, चेहरे उजेडात येतात आणि पुन्हा बुडतात. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा याने बळी देण्यावर बंदी घातली आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठी ही सभा जमली आहे. राजाला ठार मारायचे ठरते. ते काम यशोधर्मा या सरदारावर येते. राजनिष्ठा एकीकडे आणि देवीपुढे दिलेला शब्द दुसरीकडे, अशा कात्रीत सापडलेला हा माणूस शेवटी शब्द पाळतो. राजाचा खून होतो आणि ज्याने तो करवला तो राजगुरू यशोधर्म्याशीच दगा करतो. पुढचा चित्रपट यशोधर्म्याची मुले माधवगुप्त आणि सुमित्रा, तसेच राणी मोहिनी यांच्या हातून राजगुरूचे पितळ कसे उघडे पडते याचा आहे. शेवटी राजगुरू देवीच्या पायाशी स्वतःचाच बळी देतो.

कथानक एवढेच आहे, आणि त्यात योगायोग व नाटकीपणा भरपूर आहे. प्रेमाचा धागा ठिसूळ आहे, मधली गाणी ताण सैल करतात. चित्रपट उभा राहतो तो राजगुरूवर. त्याच्या उजव्या डोळ्याचे एक दृश्य भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. जर्मनीहून आणलेल्या भिंगाने कॅमेरा इतका जवळ जातो की चेहरा नाहीसा होतो आणि पडद्यावर फक्त डोळा उरतो. नाटकात नटाचा डोळा तिसऱ्या रांगेच्या पलीकडे दिसत नाही. इथे तो शेवटच्या बाकावरच्या प्रेक्षकापेक्षाही मोठा झाला. डोळ्याचा हा वापर देवळातूनच आलेला आहे. गाभाऱ्यातल्या अंधारात दर्शनाला गेलेल्या माणसाला आधी दिसतात ते मूर्तीचे डोळे, चांदीचे किंवा मीनाकारीचे. भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला, हा दर्शनाचा अर्थ. 'अमृतमंथन'मध्ये गाभाऱ्याच्या अंधारातून पाहणारा डोळा देवीचा नाही, पुजाऱ्याचा आहे. देवीची जागा तिच्या सेवकाने घेतली आहे, हे संवादाशिवाय, एका चौकटीत सांगितले जाते. जर्मन भिंगाला मराठी देऊळ सापडले ते असे.

हिंदी आवृत्तीत हा डोळा चंद्रमोहन या नटाचा होता. नरसिंहपूरला जन्मलेला हा काश्मिरी तरुण या चित्रपटापूर्वी पडद्यावर आला नव्हता. त्याचे घारे, फिकट डोळे काळ्यापांढऱ्या चित्रात वेगळेच चमकत. पुढे 'पुकार' (१९३९) मध्ये तो जहांगीर झाला, पण प्रेक्षकांच्या आठवणीत राजगुरूच राहिला. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दाते यांनी केली. दाते रंगभूमीवरचे, आणि नुकतेच 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकात वावरलेले. त्या नाटकाने मराठी रंगभूमीवर आरडाओरडा कमी करून बोलणे आणले होते. एकच राजगुरू एका भाषेत डोळ्यांनी आणि दुसरीत आवाजाच्या संयमाने उभा राहिला. दोन भाषांत चित्रपट काढताना प्रभात त्याच सेटवर तेच दृश्य दोनदा चित्रित करी. संगीतकार केशवराव भोळे हेही 'नाट्यमन्वंतर'मधूनच आलेले, आणि प्रभातसाठीचे त्यांचे हे पहिलेच काम. माधवगुप्ताच्या भूमिकेत किराणा घराण्याचे गायक सुरेशबाबू माने होते, सुमित्रेच्या भूमिकेत शांता आपटे. छायाचित्रण धायबर यांचे.

राजगुरूचे वेगळेपण त्याच्या क्रौर्यात नाही. क्रूर खलनायक पडद्याला नवा नव्हता. राजगुरू स्वतः श्रद्धावान आहे. त्याला संपत्तीचा लोभ नाही, गादी नको आहे, कुणाच्या रूपाचीही त्याला भुरळ पडलेली नाही. चंडिका बळी मागते आणि तो थांबवणारा राजा प्रजेवर देवीचा कोप ओढवून घेतो, असे त्याला मनापासून वाटते. म्हणून खून त्याला पाप वाटत नाही, कर्तव्य वाटते. यशोधर्म्याशी दगा करतानाही त्याच्या मनात खोट नाही, देवीच्या कार्यात माणसाची काय किंमत, एवढाच त्याचा हिशेब. भोंदू माणूस उघडा पडला की प्रश्न मिटतो. हा उघडा पडला तरी प्रश्न उरतोच, कारण शेवटचा बळी स्वतःचा देताना तो आपल्या श्रद्धेशी प्रामाणिकच राहतो. त्याने दुसऱ्यांकडून जे मागितले ते स्वतःही दिले. चित्रपट त्याला दोषी ठरवतो, पण ढोंगी ठरवू शकत नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला हे अस्वस्थ करणारे असले पाहिजे आणि आजही ते तितकेच अस्वस्थ करते.

याच प्रकारचा संघर्ष रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत आधी रंगवला होता. 'राजर्षि' ही कादंबरी आणि तिच्यावरून लिहिलेले 'विसर्जन' (१८९०) हे नाटक यांत त्रिपुरेचा राजा गोविंदमाणिक्य देवीपुढचा पशुबळी बंद करतो आणि पुजारी रघुपती त्याच्या वधाचा कट करतो. दोन्ही कथांचा सांगाडा विलक्षण सारखा आहे. फरक शेवटात आहे. रघुपतीला ज्याच्यावर पुत्रवत माया होती तो जयसिंह स्वतःचे रक्त देवीला देतो, आणि त्या घावाने पुजाऱ्याची श्रद्धा कोसळते. तो मूर्तीच नदीत टाकून देतो. ठाकुरांचा पुजारी दुःखातून शहाणा होतो. प्रभातचा राजगुरू शहाणा होत नाही.

चित्रपटाचे नावही विचारपूर्वक दिलेले आहे. पुराणात समुद्र घुसळताना अमृताच्या आधी हलाहल वर येते. चित्रपटाचा बहुतेक वेळ त्या हलाहलातच जातो.

बाहेर पुण्यात याच सुमारास धर्माच्या नावाने काय चालले होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. १९२९ साली पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींवर दगड पडले. १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू केला. तो वर्षानुवर्षे चालला आणि देवळाची दारे बंदच राहिली. १९३२ चा पुणे करार येरवड्याच्या तुरुंगात झाला. १९३४ च्या २५ जूनला, हरिजन दौऱ्यावर असलेले महात्मा गांधी पुण्याच्या नगरपालिकेकडे सत्काराला निघाले असताना त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब टाकण्यात आला. काहीजण जखमी झाले, गांधीजी बचावले. सुधारणा करू पाहणाऱ्याचा धर्मरक्षणाच्या नावाने जीव घ्यायचा, हे 'अमृतमंथन'चे कथाबीज. त्याच वर्षी, त्याच शहरात ते घडता घडता राहिले होते. खेड्यापाड्यांत गाडगे महाराज कीर्तनातून लोकांना विचारत होते की नवसासाठी मुकी जनावरे का कापता. ग्रामदेवतेपुढे बोकड पडणे ही गावजत्रेतली नेहमीची गोष्ट होती. त्यामुळे चित्रपटातला बळी प्रेक्षकाला प्राचीन वाटला तरी परका वाटण्याचे कारण नव्हते.

'अमृतमंथन' चालला, आणि चांगला चालला. हिंदी आवृत्तीने रौप्यमहोत्सव साजरा केला. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ इंदूरच्या सरदार किबे यांनी बांधलेले किबे लक्ष्मी थिएटर १९३४ मध्येच सुरू झाले, ते याच चित्रपटाने. पुढे ते प्रभात टॉकीज म्हणून ओळखले गेले आणि पुणेकरांच्या कित्येक पिढ्या तिथे चित्रपट पाहत वाढल्या. संथ, अंधारा आणि देवधर्माला प्रश्न विचारणारा चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकाला पेलणार नाही, असा समज निर्मात्यांत नेहमीच असतो. १९३४ च्या प्रेक्षकाने तो खोटा ठरवला होता.

१९३५ चा 'धर्मात्मा' संत एकनाथांवरचा. शांताराम यांनी त्याचे नाव 'महात्मा' ठेवले होते. ते नाव ऐकले की गांधीच आठवणार हे उघड होते, आणि एकनाथांनी अस्पृश्याच्या घरी जेवणे हा तर कथेचा गाभाच होता. सेन्सॉरने हरकत घेतली, नाव बदलावे लागले. प्रभातला हा अनुभव नवा नव्हता. शिवाजी महाराजांवरच्या मूकपटाचे 'स्वराज्याचे तोरण' हे नाव १९३० साली असेच 'उदयकाल' करावे लागले होते. 'धर्मात्मा'मध्ये एकनाथ झाले होते बालगंधर्व. स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावणाऱ्या नटाला पुरुषवेशात पाहणे प्रेक्षकांना जड गेले आणि चित्रपटाला 'अमृतमंथन'चे यश मिळाले नाही. इथला खलनायक पैठणचा महंत. त्याच्याजवळ राजगुरूची आग नाही. त्याला चिंता आहे ती आपल्या मानाची, पंगतीतल्या जागेची, कोणी कोणाच्या हातचे खाल्ले याची. देवाबद्दल तो फारसे बोलत नाही, शास्त्राबद्दल बोलतो. एकनाथांना वाळीत टाकण्याचे हत्यार त्याच्या हाती आहे आणि प्रकरण काशीच्या पंडितांपर्यंत जाते. नासलेली श्रद्धा इथे गाभारा सोडून भोजनाच्या पाटावर येऊन बसली आहे. हे चित्रण राजगुरूइतके भव्य नाही, पण पुण्याच्या आणि पैठणच्या वास्तवाला ते अधिक जवळचे आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आंबेडकरांनी येवल्याच्या सभेत, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. महंताच्या पंगतीतून उठण्याचा हा दुसरा मार्ग 'धर्मात्मा'ने पाहिलेला नव्हता. त्याचा एकनाथ पंगत मोठी करू पाहतो.

१९३६ मध्ये 'संत तुकाराम' आला. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल या जोडीचे, पटकथा शिवराम वाशीकर यांची, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. या चित्रपटाचे मोठेपण इतक्यांनी सांगितले आहे की इथे त्याच्या खलनायकापुरतेच बोलणे पुरे. देहूचा साळोमालो हा कीर्तनकार. भागवत या नटाने तो रंगवला. तुकारामांचे अभंग चोरून तो स्वतःच्या नावाने म्हणतो. शब्द तेच, पण त्याच्या तोंडून ते निर्जीव होतात आणि देवळातली माणसे उठून तुकारामांकडे जातात. इथे श्रद्धा नासवणारा माणूस खून करत नाही की कुणाला वाळीत टाकत नाही, तो शब्द चोरतो. देवाचे नाव घेत असताना त्याचे लक्ष श्रोत्यांवर असते. तो रामेश्वरशास्त्री या पंडितांना भडकावतो, तुकारामांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागतात. तुकारामांना मोहात पाडण्यासाठी तो एका कलावंतिणीला पाठवतो आणि ती तुकारामांची भक्त होऊन जाते.

राजगुरूच्या काळोखानंतर 'संत तुकाराम' उन्हासारखा वाटतो. मोकळे आकाश, शेत, नदीचा घाट, तुकारामांची बायको आवली हिची म्हैस. तिरप्या सावल्या नाहीत. दामले-फत्तेलाल यांना वाईट माणूस दाखवण्यासाठी अंधाराची गरज वाटली नाही, भर दुपारी देवळाच्या ओसरीवर बसलेला साळोमालो त्यांना पुरला. तीन चित्रपट ओळीने पाहिले तर खलनायक लहान होत जातो, हे लक्षात येते. राज्य हलवणारा राजगुरू, गाव हलवणारा महंत, आणि अखेरीस दुसऱ्याच्या अभंगावर जगणारा साळोमालो. त्याबरोबर चांगुलपणा मात्र मोठा होत जातो. 'अमृतमंथन'चा क्रांतिवर्मा लवकरच मरतो आणि फारसा आठवतही नाही. तुकाराम विसरता येत नाहीत. नाट्य म्हणून राजगुरू श्रेष्ठ आहे. पण चांगल्या माणसाला पडद्यावर जिवंत करणे वाईटाला जिवंत करण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, आणि ते इथे साधले. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात 'संत तुकाराम'चा गौरव झाला. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला.

पुढे प्रभातने 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) आणि 'संत सखू' (१९४१) काढले. शांताराम सामाजिक विषयांकडे वळले. आपट्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून त्यांनी 'कुंकू' (१९३७) केला आणि त्यातला म्हातारा नवरा साकारला तो मराठी राजगुरूनेच, केशवराव दाते यांनी. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांताराम यांनी कंपनी सोडून मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले. १९४५ मध्ये दामले गेले. १९५३ साली प्रभात बंद झाली.

एरंडवण्यातला स्टुडिओ मात्र उभा राहिला. १९६० मध्ये केंद्र सरकारने तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली आणि प्रभातच्या जुन्या फ्लोअरवर विद्यार्थी दिवे लावायला शिकू लागले. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्या काळचे चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर असत. ही फिल्म झपाट्याने पेट घेते आणि एकदा पेटली की विझवणे जवळपास अशक्य असते. ८ जानेवारी २००३ रोजी इन्स्टिट्यूटच्या आवारात, संग्रहालयाची नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या शेकडो मूळ प्रती जळाल्या. त्यात प्रभातचाही ठेवा होता. सुरक्षित फिल्मवर आधी उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे अनेक चित्रपट आज पाहता येतात, पण मूळ नायट्रेटवरच्या काळ्या रंगाची खोली नंतरच्या प्रतीत पुरती उतरत नाही. ज्या चित्रपटाचा जीवच काळोखात आहे त्याच्या बाबतीत ही हानी मोठी आहे.

त्याच आवारात शिकलेल्या उमेश कुलकर्णी यांनी २०११ मध्ये 'देऊळ' काढला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'ब्यारी' या चित्रपटाबरोबर विभागून. गुरे राखणाऱ्या केशाला झाडाखाली दत्ताचे दर्शन घडते, आणि बघता बघता त्या जागी देऊळ, दुकाने, गाड्या, देणग्या उभ्या राहतात. इथे राजगुरू नाही, महंत नाही, साळोमालोही नाही. पुढारी, पत्रकार, दुकानदार आणि घराघरातले लोक थोडा थोडा हातभार लावतात, आणि त्यातल्या कुणालाही खलनायक म्हणता येत नाही. शेवटी केशाच देवळातली मूर्ती उचलतो आणि नेऊन पाण्यात सोडतो. गाव नवी मूर्ती बसवते.